सुब्रत मित्र : प्रकाशाला कारण हवं

'पथेर पांचाली' कुणाचा, असं विचारलं तर तुमच्यापैकी प्रत्येक जण एका क्षणात उत्तर देईल. त्याच चित्रपटाचं छायाचित्रण कुणी केलं, असं विचारलं की सभागृहात जरा शांतता पसरते. आत्ताही पसरली. ही शांतताच आजच्या व्याख्यानाचं निमित्त आहे.

त्या माणसाचं नाव सुब्रत मित्र. जन्म १२ ऑक्टोबर १९३०, कलकत्ता. सत्यजित राय यांचे दहा चित्रपट त्यांनी चित्रित केले. भारतीय सिनेमात उजेडाकडे बघण्याची एक नवी रीत त्यांनी रुजवली. ही रीत कुठून आली आणि तिची किंमत काय पडली, या दोन प्रश्नांभोवती आज आपण फिरणार आहोत.

सुरुवात नदीकाठी होते. १९४९-५०च्या सुमारास फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वा 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले. हुगळीच्या काठी चित्रीकरण चाललं होतं. कॅमेऱ्यामागे होते त्यांचे पुतणे क्लोद रेन्वा. कॉलेजात जाणाऱ्या सुब्रतना त्या युनिटमध्ये काम हवं होतं, ते मिळालं नाही. मग खटपट करून निदान बघत उभं राहण्याची परवानगी मिळवली. आता नुसतं बघायचं म्हटल्यावर आपण काय करू? नटनट्या बघू. या मुलाने वही काढली. कोणता दिवा कुठे ठेवला, कॅमेरा कुठे, नट कुठून कुठे गेला, हे सगळं तो आकृत्या काढून टिपत गेला.

त्याच चित्रीकरणाला सुट्टीच्या दिवशी आणखी एक जण यायचा. जाहिरात कंपनीत नोकरी करणारा, उंचापुरा तरुण. ते सत्यजित राय. आणि कलाविभागात साहाय्यक म्हणून राबत होते बन्सी चंद्रगुप्त. पुढच्या बंगाली सिनेमाचे हे तीन खांब एका परदेशी चित्रपटाच्या सेटवर असे एकत्र आले.

ऑक्टोबर १९५२मध्ये रायांनी 'पथेर पांचाली' सुरू केला, तेव्हा छायाचित्रणाची जबाबदारी त्यांनी सुब्रतना दिली. वय नुकतंच बावीस पूर्ण. त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता! दिग्दर्शकाचाही पहिलाच चित्रपट. पहिल्या दिवशी काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांमधलं अपू-दुर्गाचं दृश्य घेतलं. काही दिवसांनी उरलेलं घ्यायला गेले, तर गुरांनी सगळे तुरे फस्त केलेले. पुन्हा फुलोरा यायला वर्षभर थांबावं लागलं. पैसे संपत, काम थांबे, रायांच्या घरचे दागिने गहाण पडत. शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून चित्रपट पुरा झाला आणि १९५५मध्ये प्रदर्शित झाला. या लांबलेल्या काळात सुब्रत काम करता करताच काम शिकले. ते सितारही वाजवत. संगीत रविशंकरांचं, पण मिठाईवाल्याच्या मागून मुलं धावतात त्या दृश्यातली सितार सुब्रत मित्रांची आहे. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा ऐका.

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी त्या काळचं स्टुडिओतलं प्रकाशयोजन समजून घ्यायला हवं. फिल्म आजच्यासारखी संवेदनशील नव्हती, तिला भरपूर उजेड लागे. वर माच्यावर मोठमोठे दिवे टांगलेले आणि ते सरळ नटांवर रोखलेले. एक दिवा चेहऱ्यावर, दुसरा पहिल्याची सावली मारायला, तिसरा मागून केसांना चमक आणायला. नायिका झोपडीत असो की महालात, पहाट असो की दुपार, तिच्या केसांमागे तो चंद्र उगवलेलाच. भिंतीवर एकाच माणसाच्या दोन दोन सावल्या. प्रेक्षकांना त्याची सवय झाली होती. हा उजेड येतो कुठून, असं कुणी विचारत नव्हतं.

सुब्रत मित्रांनी ते विचारलं. खोलीला खिडकी कुठे आहे? दार कुठल्या दिशेला? कंदील कुठे टांगलाय? उजेड तिथूनच यायला हवा. प्रकाशाला कारण हवं.

१९५६चा 'अपराजितो'. हरिहरचं कुटुंब गाव सोडून बनारसला आलेलं आहे. बनारसचं जुनं घर म्हणजे मधे चौक आणि भोवती खोल्या. आपल्याकडच्या वाड्यात जे वाढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. चौकातला दिवसाचा उजेड आठवा. ऊन थेट खाली पोचत नाही. वरच्या आकाशाच्या तुकड्यातून उजेड झिरपतो, भिंतींवर आपटत खाली येतो. चौकात बसलेल्या माणसाची ठळक सावली कुठेच पडत नाही. सगळीकडे सारखा, मऊ, थोडा उदास उजेड.

पावसाळ्याच्या भीतीने रायांनी ठरवलं की हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं. सुब्रतनी विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : सेट बन्सी हुबेहूब उभारतील, पण हा बिनसावलीचा उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी आणता येणार नाही. प्रेक्षकाला फसवलं जातंय हे कळेल. वाद झाला, आणि सुब्रत हरले. सेट स्टुडिओतच लागला.

हरलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो. 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणत वाईट काम करू शकतो, किंवा आपलंच म्हणणं खोटं पाडायला बसू शकतो. सुब्रतनी दुसरी गोष्ट केली. चौकाच्या वर, जिथे आकाश दिसायला हवं तिथे, त्यांनी पांढरं कापड ताणून बसवलं. दिवे नटांवर न रोखता खालून त्या कापडावर मारले. कापडावर आदळून उजेड खाली पसरला. स्टुडिओच्या छपराखाली त्यांनी आकाशाचा तुकडा टांगला, असंच म्हणायचं. यालाच पुढे बाउन्स लाइटिंग म्हणू लागले.

ऐकायला सोपं वाटतं. पण दिव्याचा उजेड कापडावर मारला की त्यातला बराचसा वाया जातो. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी जास्त दिवे, जास्त वेळ. शिवाय मऊ उजेड आवरणं अवघड. तो नको तिथेही पसरतो. थेट दिवा लावून दहा मिनिटांत शॉट घेता येत असताना हा उपद्व्याप कशाला, असं म्हणणारे निघणारच. उत्तर पडद्यावर आहे. सर्वजया त्या चौकात वावरते तेव्हा हा सेट आहे असं आपल्या मनातही येत नाही. 'अपराजितो'ला १९५७मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला.

इथे इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण थोडं सावध राहू. 'जगात हे पहिल्यांदा सुब्रत मित्रांनी केलं' असं वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. परावर्तित उजेड ही कल्पना छायाचित्रकारांना आधीपासून ठाऊक होती. साठच्या आसपास फ्रान्समध्ये राऊल कुतार आणि स्वीडनमध्ये स्वेन निक्विस्त आपापल्या वाटेने याच मऊ उजेडाकडे आले. पण जेव्हा निक्विस्त यांच्या कामाचं 'नवी पद्धत' म्हणून कौतुक झालं, तेव्हा आम्ही कलकत्त्यात हे कितीतरी आधी करत होतो, याची आठवण रायांनी करून दिली. आमच्या मते 'पहिला कोण' याहून 'गरज का पडली' हा प्रश्न मोठा आहे. आणि कलकत्त्यातली गरज एका घराच्या चौकातून आली होती.

पुढे हा उजेड विषयाप्रमाणे बदलत गेला. 'जलसाघर'मध्ये बुडत्या जमीनदाराच्या झुंबरांचा उजेड. 'कांचनजंघा' (१९६२) हा रायांचा पहिला रंगीत चित्रपट. त्यात दार्जिलिंगचं ऊन आणि धुकं हीच जणू पात्रं. 'चारुलता'त (१९६४) श्रीमंत घरातल्या दुपारचा रिकामा उजेड. तिथला झोपाळा आठवा, चारूबरोबर कॅमेराही झुलतो. 'नायक'मध्ये (१९६६) आगगाडीचा डबा स्टुडिओत उभारलेला, पण खिडकीतून येणारा दिवस इतका खरा की गाडी धावतेय यावर आपण विश्वास ठेवतो.

'नायक' हा दोघांचा शेवटचा एकत्र चित्रपट. मधे डोळ्यांच्या दुखण्यामुळे सुब्रतना काही काळ काम थांबवावं लागलं, तेव्हा 'तीन कन्या' त्यांचे साहाय्यक सौमेंदू राय यांनी केला. पुढे 'चारुलता'च्या सुमारास सत्यजित राय स्वतःच कॅमेरा हाताळू लागले. प्रकाशयोजन छायाचित्रकाराचं, पण भिंगातून बघणारा डोळा दिग्दर्शकाचा. दिग्दर्शकाच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. पण बाविसाव्या वर्षापासून ज्याने तो डोळा घडवला, त्याला काय वाटलं असेल? दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. वाटा वेगळ्या झाल्या एवढं खरं.

रायांखेरीज इतरांसाठी केलेलं काम मोजकंच, पण दमदार. मर्चंट-आयव्हरींचे चार चित्रपट त्यांनी केले : 'द हाउसहोल्डर', 'शेक्सपिअरवाला', 'द गुरू' आणि आपल्या मुंबईच्या सिनेसृष्टीवरचा 'बॉम्बे टॉकी'. आणि हिंदीत 'तीसरी कसम'. रेणूंची कथा, निर्माता शैलेंद्र, दिग्दर्शक बासू भट्टाचार्य. हिंदी पडदा रंगाने न्हाऊन निघत असताना हा चित्रपट कृष्णधवल राहिला. हिरामनच्या बैलगाडीत छपराखालून शिरणारा उजेड, हिराबाईच्या चेहऱ्यावरची सावली, आणि बाहेर लांबवर पसरलेलं शेत. या गाडीतही उजेडाला कारण आहे.

आता किमतीबद्दल. तडजोड न करणारा, वेळ घेणारा असा सुब्रतांचा लौकिक होता. असा माणूस निर्मात्यांना परवडत नाही. ज्या काळात एकेका छायाचित्रकाराच्या नावावर शंभर चित्रपट जमा होत, त्या काळात यांच्या नावावर कथापट वीसही नाहीत. आणखी एक गंमत बघा, खरं तर गंमत नव्हे. राष्ट्रीय पुरस्कारांत छायाचित्रणाचा विभाग सुरू झाला १९६७पासून. म्हणजे 'अपराजितो', 'चारुलता', 'नायक' झाले तेव्हा त्या कामाला पुरस्कार द्यायची सोयच नव्हती. सुब्रतना तो मिळाला 'न्यू डेल्ही टाइम्स'साठी, ऐंशीच्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर.

अखेरची काही वर्षं, १९९७पासून, ते कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत शिकवत होते. ज्या दिग्दर्शकापासून वाट वेगळी झाली त्याच्याच नावाच्या संस्थेत, मुलांना उजेड बघायला शिकवत. ७ डिसेंबर २००१ रोजी ते गेले.

आज कुठल्याही मालिकेच्या सेटवर जा. पांढऱ्या थर्मोकोलवर दिवा मारून उजेड परतवणारा लाइटमन तुम्हाला दिसेल. त्याला सुब्रत मित्र हे नाव ठाऊक असेलच असं नाही. इतिहासाचं काम अशा ठिकाणी सुरू होतं : रीत उरते आणि नाव गळून पडतं, तेव्हा ते नाव उचलून परत जागेवर ठेवणं.

घरी गेल्यावर 'अपराजितो'तला बनारसच्या घराचा भाग पुन्हा बघा. वर नजर टाका. तिथे आकाश नाही, कापड आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. तरीही ते आकाशच वाटतं का, ते पुढच्या वेळी आम्हाला सांगा. आता प्रश्न घेऊया.