एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स

एका संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली सुखाने नांदू शकतात. मात्र एका वेळी अंमल एकीचाच चालतो आणि तो कोणाचा, हे संगणक सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम ठरवतो. लिनक्ससोबत बहुधा 'ग्रब' हा बूटलोडर येतो.

जुन्या संगणकांत बूटलोडरचा आरंभीचा भाग हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये असे. त्यातही प्रत्यक्ष कोडच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट्स येत. जागा एकच, त्यामुळे शेवटी येणारा ती बळकावत असे. विंडोज नंतर बसवले की ग्रब पुसला जाई आणि लिनक्स डिस्कवर जसेच्या तसे असूनही सुरू करता येत नसे. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम त्यातूनच रूढ झाला. आजच्या यूईएफआय संगणकांत एका छोट्या स्वतंत्र विभागात दोन्ही बूटलोडर शेजारी राहतात. तरीही हाच क्रम सोयीचा ठरतो. अर्थात, शेजार नेहमीच शांत असतो असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक संगणकांवर सिक्युअर बूटच्या तपासणीत लिनक्सचा जुना बूटलोडर नाकारला गेला.

बिघडलेला बूटलोडर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पुन्हा बसवता येतो. चुकून फॉरमॅट झालेल्या विभागातील छायाचित्रे आणि कागदपत्रे मात्र परत मिळतीलच असे नाही. म्हणून आपल्या फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोजचा विभाग लहान करायचा तो विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून. 'बिटलॉकर' चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बूट होण्याची पद्धत बदलली की विंडोज ती मागू शकते. 'फास्ट स्टार्टअप' बंद करणेही आवश्यक आहे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होतच नाही आणि त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या विभागावर काही लिहिल्यास फायली खराब होऊ शकतात. इन्स्टॉलेशनच्या वेळी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही समोर येतो. तेथे घाई करू नये. मोकळी केलेली जागाच निवडावी.

सारे सुरळीत झाल्यावरही विंडोजमधील घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर बिघाड समजू नये. संगणकातील घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेनुसार लावते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक मानते. लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळण्याची सूचना दिली की हा फरक मिटतो.