खानदेशच्या मातीतली चांदी : यंत्राला काय ऐकू येते आणि काय नाही

मार्च २०२५. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस असीरगड किल्ल्याच्या परिसरात रात्रीच्या काळोखात गावकऱ्यांचे थवे शेते उकरत होते. कुणाच्या हाती टॉर्च, कुणाच्या हाती कुदळ आणि चाळणी, तर काहींच्या हाती धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर. महिनाभरापूर्वी प्रदर्शित झालेल्या ‘छावा’ चित्रपटानंतर वावडी उठली होती की मोगलांचा खजिना याच मातीत पुरलेला आहे. पोलीस येईपर्यंत शेतांची चाळण झाली होती.

वावडीतली अतिशयोक्ती सोडून दिली तरी या मातीत नाणी असणे अजिबात अशक्य नाही. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे. १६१० मध्ये विल्यम फिंच आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो याच दिशेने गेले. नंदुरबार हा त्या वाटेवरचा मोठा मुक्काम. पुढे थाळनेर, चोपडा आणि मग बुऱ्हाणपूर. सुरत आणि बुऱ्हाणपूर या दोन्ही टोकांना मोगलांच्या टाकसाळी होत्या. आज नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावाच्या शिवारात नांगराच्या फाळाला एखादा रुपया लागला, तर त्यामागे या वाटेवरची शतकांची वर्दळ उभी असते.

पण वाटेवर सांडलेले नाणे वेगळे आणि पुरलेला हंडा वेगळा. हंडा पुरणारा माणूस तो परत काढण्यासाठीच पुरतो. जो हंडा आज सापडतो, त्याचा धनी परत आलेला नसतो.

१६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला, तेव्हा गुजरात आणि खानदेशात भीषण दुष्काळ पडला होता. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवली आहेत. अशा वर्षी गाव सोडताना माणसे जवळची चांदी कुठे ठेवत असतील, याची कल्पना करायला फार विद्वत्ता लागत नाही. आज ज्याला ‘गुप्तधन’ म्हणून लाळ घोटली जाते, ते अनेकदा एखाद्या कुटुंबाच्या अखेरच्या वर्षाचे साक्षीपत्र असते. (या शब्दाभोवतीची अंधश्रद्धा इतकी जहरी आहे, की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला.)

आता यंत्राकडे वळू. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या वेटोळ्याचे उपकरण वापरून पाहिले. ते अपयशी ठरले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी युझेफ कोसाट्स्की याने भूसुरुंग शोधणारे हाताळण्याजोगे यंत्र तयार केले. आज शेतात फिरणारे यंत्र त्याच कुळातले आहे.

तत्त्व सोपे आहे. यंत्राच्या तळाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगी भोवऱ्यासारखे लहानसे वीजप्रवाह उठतात आणि त्यांचे प्रत्युत्तर यंत्र टिपते. सर्व धातूंत चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक. म्हणून तिच्यातले प्रवाह सावकाश मावळतात आणि यंत्र उंच, स्वच्छ स्वर देते. लोखंडी खिळ्याचा स्वर खरखरीत आणि खालचा. चांदी ‘ऐकायला’ शिकणे म्हणजे मुख्यतः हा फरक कानात बसवणे. तरीही फसगत होते, कारण अॅल्युमिनियमचा चेपलेला डबाही बराचसा चांदीसारखाच बोलतो.

खानदेशात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे खुद्द जमीन. दख्खनचा काळा पाषाण झिजून झालेल्या मातीत चुंबकीय खनिजे असतात. यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घेतले नाही तर पावलापावलावर खोटा स्वर ऐकू येतो. जुळवणीनंतर वेटोळे जमिनीला समांतर, सावकाश आणि प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर थोडी चढवत न्यावे लागते. अकरा ग्रॅमच्या आसपासचा मोगल रुपया सहज ओरडतो. दोन ग्रॅमचे क्षत्रप नाणे वीतभर खोल गेले तर कुजबुजते.

यंत्राच्या कितीतरी आधी हे काम करणारी माणसे आपल्याकडे होतीच. सोनारांच्या पेढीवरची राख-माती धुऊन धातूचे कण वेगळे काढणारे झारेकरी हे त्यांपैकीच. शेतकऱ्याच्या भाषेतही पुरातत्त्व आहे: पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. राख, शेण, पडक्या भिंती यांच्या थरांवर थर साचून झालेली जुन्या गावठाणाची पांढरट माती म्हणजे शेकडो वर्षांचा दप्तरखाना. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा अशाच टेकाडातून ताम्रपाषाणयुगापासूनचे थर उलगडले.

काळीतले नाणे आणि पांढरीतले नाणे यांत म्हणूनच फार अंतर आहे. नांगरलेल्या काळीत ते मूळ जागेवरून आधीच हललेले असते. पांढरीत मात्र ते एका विशिष्ट थरात, विशिष्ट खापरांशेजारी, कदाचित विझलेल्या चुलीजवळ पडलेले असते. यंत्राला फक्त धातू ऐकू येतो. खापर, राख, जळके धान्य, मडक्याला गुंडाळलेले फडके यांबाबत ते ठार बहिरे आहे. आवाजाच्या दिशेने खड्डा घेणारा माणूस जे ऐकू येत नाही ते सारे कापून टाकतो.

या नुकसानीचे मोल समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यात जावे लागते. १९०६ मध्ये गोदावरी-दारणा संगमाजवळील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाण्यांची संख्या तेरा हजारांहून अधिक. सारी नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याची. करंगळीच्या नखाहून जरा मोठ्या चकतीच्या दर्शनी बाजूला राजाचे मुख, मागे बाण आणि वज्र. लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपींत. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून १९०८ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला.

साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे दर दहांपैकी सुमारे सातांवर, दुसऱ्याच राजाचा ठसा होता. नहपानाचे मुख अर्धवट पुसून त्यावर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह उमटवलेले, आणि लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या नावाचा. सातवाहन राजाने पराभूत शत्रूची नाणी वितळवली नव्हती. तीच चांदी आपल्या शिक्क्याखाली चालवली होती.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात या मातेने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हटले आहे. शिलालेखातील स्तुतीवर इतिहासकार सहसा डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, आणि तेच योग्य. पण गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा आदेश नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यात पूर्वी असलेले शेत दान देतो, आणि काही कोसांवर जोगळटेंभीचा हंडा हजारो चांदीच्या तुकड्यांनिशी तीच साक्ष देतो, तेव्हा स्तुतीचा इतिहास होतो.

आता हाच हंडा एखाद्या रात्री यंत्राने शोधला गेला असता तर? पुनर्मुद्रित नाणी तरीही बाजारात आली असती आणि गौतमीपुत्र नहपानानंतरचा, एवढे कळलेही असते. पण ‘दहांपैकी सात’ हे प्रमाण कळले नसते. ठसा बसलेली आणि न बसलेली नाणी एकाच साठ्यात होती, म्हणजे चलनाचा हा पालट चालू असतानाच्या काळातला हा संचय असावा, हे अनुमान करता आले नसते. या साठ्यात दुसऱ्या कोणत्याही क्षत्रपाचे नाणे नव्हते. त्यावरून गौतमीपुत्राने हरवलेला क्षहरात तो नहपानच, या मताला बळ मिळाले. ही साक्ष तर हाती न आलेल्या नाण्यांची आहे. फुटलेल्या हंड्यातून ती कधीच मिळत नाही, कारण दहा दलालांकडे गेलेल्या साठ्यात काय नव्हते हे कोण सांगणार?

स्कॉट यांना आणखी एक गोष्ट दिसली. या नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत: कुठे तरुण, कुठे वृद्ध, नाकडोळ्यांची ठेवण निराळी. त्यामुळे ही सारी एकाच माणसाची हुबेहूब चित्रे मानणे अवघड झाले. हाती चार नाणी असती, तर प्रत्येकाने आपापल्या नाण्यावरचा चेहरा हाच खरा नहपान म्हणून छापला असता.

एकटे नाणे दिशाभूल करते, याचे दुसरे उदाहरणही याच पट्ट्यातले आहे. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची लहान चांदीची नाणी नाशिक जिल्ह्यातील देवळाणे येथे सापडली आहेत. पण भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटात, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमारास, कृष्णराजाच्या रुपकांचा उल्लेख चालू चलन म्हणून येतो. राजा जाऊन शतक उलटले तरी त्याचा पैसा चालत होता. म्हणजे नाणे फक्त इतकेच सांगते की आपण ज्या थरात आहोत तो थर आपल्यापेक्षा जुना नाही. तो किती उशिराचा, हे शेजारची खापरे सांगतात. यंत्रधाऱ्याने ती कधीच फेकून दिलेली असतात.

यंत्र हे इतिहासाचे वैरीच, असा निष्कर्ष मात्र अन्यायाचा ठरेल. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमधील हॉक्सन गावी एक गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होता. त्याला चांदीची नाणी लागली, सोन्याच्या साखळ्या लागल्या. थोडे बाहेर काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो भाग काळजीपूर्वक उलगडला. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी, त्यांत चौदा हजारांहून अधिक चांदीची, आणि ज्यात ती ठेवली होती त्या कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकारसुद्धा हाती आला. नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढली जात होती, हेही या साठ्यावरून नीट अभ्यासता आले. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. त्या माणसाने त्या दिवशी केलेले सर्वांत अवघड काम शोधण्याचे नव्हते, खणणे थांबवण्याचे होते.

इंग्लंडमध्ये नंतर १९९६ चा कायदा आला आणि १९९७ पासून सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची योजना सुरू झाली. भारतातील चौकट वेगळी आणि अधिक जुनी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा रुपयांची ती मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण तिचा अर्थ सरळ आहे: चांदीचे एक नाणेही तिच्यात बसते.

लोकांना कमी माहीत असलेला भाग पुढचा आहे. मूळ मालक न आढळल्यास कायदा सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मानतो; शासनाने निधी स्वतःकडे घेतला तर धातूचे मोल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. मात्र संग्राहकांच्या बाजारात दुर्मीळ नाण्याची किंमत धातूच्या कितीतरी पट असते. प्रामाणिक शेतकऱ्याला वितळलेल्या चांदीचा भाव आणि चोरट्याला इतिहासाचा भाव, ही या जुन्या कायद्यातली खरी फट आहे. शिवाय १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवान्याविना उत्खनन हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेता येत नाही.

तेव्हा धानोऱ्याच्या एखाद्या बांधावर नांगराच्या तासात चांदी चमकलीच, तर करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. जागा न हलवता छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर स्थान नोंदवावे, आजूबाजूची खापरे तशीच राहू द्यावीत. नाणे चिंच, राख किंवा लिंबाने घासू नये. तीन लिपींतली झिजलेली अक्षरे त्या चकाकीबरोबर निघून जातात. आणखी नाणी दिसली तर हात आखडता घेऊन तहसील वा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. ज्यांना नाणी वाचायला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी अंजनेरीला, म्हणजे ताम्रपटातल्या त्याच अंजनेरीला, नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे नाणेसंग्रहालय आहे.