सीरोटायपिंग

सीरोटायपिंग ही एकाच प्रजातीतील जीवाणूंचे निरनिराळे प्रकार प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखण्याची प्रयोगशालेय पद्धत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे जीवाणू त्यांच्या पृष्ठभागावरील प्रतिजनांवरून वेगळे ओळखता येतात. अशा प्रत्येक प्रकारास सीरोटाइप म्हणतात. साथीचा उगम शोधण्यासाठी आणि लस तयार करताना या माहितीचा उपयोग होतो.

तत्त्व

प्रतिपिंड ठरावीक प्रतिजनालाच चिकटतात. जीवाणूच्या बाह्य पटलावरील शर्करेच्या साखळ्यांना ‘ओ’ प्रतिजन, तर कशाभिकांवरील प्रथिनांना ‘एच’ प्रतिजन म्हणतात. या दोहोंच्या आधारे साल्मोनेलाचे २,५०० हून अधिक सीरोटाइप ओळखले गेले आहेत.

पद्धत

ज्ञात प्रकारचे मृत जीवाणू सशाला टोचून त्याच्या रक्तापासून प्रतिपिंडयुक्त रक्तरस मिळवतात. इतर प्रकारांनाही चिकटणारे प्रतिपिंड त्यातून काढून टाकले जातात. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घेऊन त्यांत तपासावयाचे जीवाणू मिसळतात व एकाच थेंबात हा रक्तरस घालतात. केवळ त्याच थेंबात गुठळ्या दिसल्यास चाचणी होकारार्थी ठरते. दोन्ही थेंबांत गुठळ्या झाल्यास निष्कर्ष काढता येत नाही. न्यूमोकॉकसच्या बाबतीत प्रतिपिंड चिकटल्यावर जीवाणूभोवतीचे आवरण फुगल्यासारखे दिसते. ही प्रक्रिया फ्रेड नॉयफेल्ड यांनी १९०२ मध्ये वर्णिली.

कॉलऱ्याचा ओ१३९ गट

१९९२ पर्यंत कॉलऱ्याच्या मोठ्या साथी ‘ओ१’ गटाच्या जीवाणूंमुळे होतात, असे मानले जात असे. त्या वर्षी मद्रास (आताचे चेन्नई) येथे कॉलऱ्याच्या रुग्णांमध्ये आढळलेले जीवाणू ओ१ च्या रक्तरसाने गोळा झाले नाहीत. तोवर ज्ञात असलेल्या १३८ गटांपैकी कोणत्याही गटाशी ते जुळले नाहीत. त्यांना ‘ओ१३९ बंगाल’ असे नाव देण्यात आले. हे जीवाणू ओ१ गटातील एल टॉर प्रकारापासूनच उद्भवले होते. त्यांचे विष तेच होते, मात्र ओ प्रतिजन बदलला होता. त्यामुळे ओ१ विरुद्धची प्रतिकारशक्ती निरुपयोगी ठरून भारत व बांगलादेशात प्रौढांनाही मोठ्या प्रमाणावर लागण झाली. पुढे तोंडावाटे देण्याच्या काही लशींत दोन्ही गटांचा समावेश झाला.

मर्यादा

ज्या प्रतिजनासाठी रक्तरस उपलब्ध आहे तोच प्रतिजन या पद्धतीने ओळखता येतो. त्यामुळे नकारार्थी निष्कर्षावरून जीवाणू निरुपद्रवी आहे असे ठरत नाही. अलीकडे अनेक प्रयोगशाळा जनुकीय क्रमावरूनही सीरोटाइप ठरवतात.