‘रीतच नाही’ हे कसं सिद्ध करायचं? अनंत गट आणि डेन यांचा प्रश्न

माक्स डेन या जर्मन गणितज्ञाने 1911 साली एका निबंधात अनंत गटांविषयी तीन प्रश्न मांडले. आज आपण त्यातल्या पहिल्या प्रश्नाचाच इतिहास बघणार आहोत. त्याचं नाव ‘शब्दप्रश्न’, पण भाषेशी त्याचा काही संबंध नाही.

आपण एव्हरशाईन सिटीत जमलो आहोत, तर उदाहरणही इथलंच घेऊ. समजा, कुणी तुमच्या हातात एक चिठ्ठी दिली: एक चौक पूर्वेला, दोन उत्तरेला, एक पश्चिमेला, अशी हजार पावलं. न चालता सांगायचं की शेवटी आपण आपल्याच बिल्डिंगच्या गेटवर परत येतो का. रस्ते आलेखाच्या कागदासारखे काटकोनी असते तर सोपं होतं. पूर्व-पश्चिम मोजा, उत्तर-दक्षिण मोजा, दोन्हींचा हिशेब जुळला की झालं. पण समजा रस्ते अनंत आहेत, वेडेवाकडे आहेत आणि नकाशा नाही. हातात फक्त पाच-दहा नियम आहेत, आणि प्रत्येक नियम एवढंच सांगतो की अमुक क्रमाने चाललात तर, कुठूनही निघा, निघाल्या जागीच परत याल. पावलांचे प्रकार म्हणजे गटाचे जनक, नियम म्हणजे संबंध आणि चिठ्ठी म्हणजे शब्द. चिठ्ठी कोणतीही असो, हो की नाही ते ठरवणारी एखादी रीत आहे का, हे डेन विचारत होते.

1912 मध्ये त्यांनी स्वतःच एका महत्त्वाच्या प्रकाराचं उत्तर दिलं. मेदूवड्याला एकाऐवजी दोन किंवा जास्त भोकं आहेत अशी कल्पना करा. त्याच्या पृष्ठभागावर फिरून येण्याच्या वाटांचाही गट होतो. डेन यांनी दाखवलं की चिठ्ठी घरी आणणारी असेल, तर तिच्यात कुठेतरी नियमाचा अर्ध्याहून मोठा तुकडा सापडतोच. त्या जागी उरलेला लहान तुकडा उलटा करून घाला. चिठ्ठी आखूड होते. असं करत करत ती कोरी झाली तर उत्तर ‘हो’, मध्येच अडली तर ‘नाही’. इतकी साधी, हाताने करता येण्याजोगी रीत आहे ही.

मग सगळ्या गटांसाठी अशी रीत का सापडत नव्हती? इथे जरा थांबू या. ‘आम्हाला रीत सापडली नाही’ आणि ‘रीत असूच शकत नाही’ ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. दुसरं सिद्ध करायचं तर आधी ‘रीत’ म्हणजे काय याची काटेकोर व्याख्या हवी, आणि 1911 मध्ये ती कुणाकडेच नव्हती. ती 1936 च्या सुमारास आली, चर्च आणि ट्युरिंग यांच्याकडून.

तोवर डेन यांच्या आयुष्याची घडी पार मोडली होती. ते ज्यू होते. 1935 मध्ये फ्रांकफुर्टची प्राध्यापकी गेली. पुढे ते नॉर्वेत गेले, तिथेही जर्मन सैन्य पोचलं, तेव्हा सायबेरिया आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. 1945 पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात ते शिकवत होते. ते कॉलेज गणितापेक्षा चित्रकार-कलावंतांसाठी जास्त प्रसिद्ध! तिथेच 1952 मध्ये ते वारले. तीन वर्षांनी, 1955 मध्ये, मॉस्कोत प्योत्र नोविकोव यांनी सिद्ध केलं की मोजके जनक आणि मोजके संबंध असलेला असा गट आहे, ज्याच्या शब्दप्रश्नाला रीतच नाही. अमेरिकेत विल्यम बून हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. गाभ्याची कल्पना अशी: ट्युरिंगच्या यंत्राची चाल गटाच्या नियमांत लपवायची. मग चिठ्ठीचं उत्तर देणं म्हणजे यंत्र कधी थांबेल का, हे सांगणं. आणि ते सर्वसाधारण रीतीने सांगता येत नाही, हे ट्युरिंगनी आधीच दाखवलेलं होतं.

एक बाब मात्र लक्षात घ्या. उत्तर ‘हो’ असेल तर ते कधी ना कधी सापडतंच: नियम उलटसुलट लावत बसा, एक दिवस चिठ्ठी कोरी होईल. अडचण फक्त ‘नाही’ची. काही गटांत त्यावर सुरेख तोड आहे. बारा तासांच्या घड्याळात 12 आणि 0 एकाच जागी दिसतात, पण सात तासांची तबकडी घेतली की 12 हा 5 वर दिसतो. तसंच, गटाच्या अनेक सांत प्रतिमा घ्यायच्या. घरी न आणणारी प्रत्येक चिठ्ठी कुठल्या तरी एका प्रतिमेत उघडी पडत असेल, तर दोन शोध एकाच वेळी चालू ठेवायचे, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. एक नक्की थांबतो. मोजके जनक असलेल्या मॅट्रिक्सच्या गटांत अशा प्रतिमा पुरतात, हे मालत्सेव यांनी 1940 मध्येच दाखवलं होतं.

आता वसई रोडहून लोकल पकडून चर्चगेटला उतरू आणि कुलाब्याच्या टोकाला जाऊ. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. एम. एस. रघुनाथन 1960 च्या दशकापासून तिथे असेच असंतत गट अभ्यासत होते. या विषयावरचं त्यांचं 1972 चं पुस्तक जगभर वाचलं जातं. प्रश्न असा की मॅट्रिक्सच्या गटावर आणखी एक सांत आवरण चढवलं, तर प्रतिमांची युक्ती टिकते का? 1978 मध्ये पिएर दलीन्य यांनी ती मोडणारी उदाहरणं दिली. 1984 मध्ये रघुनाथन यांनी, ज्यांचा भागाकार-अवकाश संहत, म्हणजे बंदिस्त असतो, अशा गटांतही ती मोडते हे दाखवलं. तिथे काही चिठ्ठ्या अशा असतात की त्या घरी आणत नाहीत, पण एकाही सांत प्रतिमेत ते दिसत नाही.

म्हणजे त्या गटांत शब्दप्रश्न सुटत नाही का? सुटतो! आवरण सांत आहे. आधी चिठ्ठी खालच्या मॅट्रिक्स-गटात तपासा. तिथेच ‘नाही’ आलं तर काम संपलं. ‘हो’ आलं, तर वर ती आवरणातल्या मोजक्या घटकांपैकी एकाशी समान असणार. समजा असे तीन घटक आहेत. मग तीन शोध एकदम सुरू करायचे, आणि त्यातला नेमका एकच थांबतो.