वेगवान नौकांचा तळ आणि खवळलेले पाणी

गेल्या हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर राहणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तीन कागद घेऊन आमच्याकडे आले. पर्यटकांस समुद्रावर फिरवून आणण्याच्या धंद्यासाठी त्यांस एक वेगवान यांत्रिक होडी विकत घ्यावयाची होती, व तीन विक्रेत्यांनी आपापली दरपत्रके पाठविली होती. करारनाम्याचा मसुदा तपासून द्यावा एवढेच त्यांचे आमच्याकडे काम. परंतु वकिलाच्या हाती कागद पडला की जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही तेच त्याच्या डोळ्यांत आधी भरते. तिन्ही पत्रकांत किंमत होती, एंजिनाची अश्वशक्ती होती, ताशी कमाल वेग होता, फार काय, गाद्यांचा रंगही होता. समुद्र खवळला असता ही होडी कशी वागेल, ह्याविषयी मात्र एकाही पत्रकात अक्षर नव्हते. ह्या रिकाम्या रकान्याचा शोध घेता घेता आम्ही अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावरील एका शर्यतीपर्यंत जाऊन पोचलो, व तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेगवान मोटारहोडीचा तळ कसा असावा ह्याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नव्हता. नाळेकडे तो धारदार असावा व मागे जाता जाता सपाट होत जावा, हा सर्वमान्य प्रघात. ह्यामागील तर्क सरळ आहे. वेग वाढला की होडी पाणी कापीत न जाता पाण्यावर उचलली जाऊन सरपटू लागते, आणि सपाट फळी जितकी सहज उचलली जाते तितकी कोनाची उचलली जात नाही. म्हणून सपाट तळाच्या होडीस एंजिन लहान पुरते, इंधन कमी लागते, किंमतही बेताची राहते. शांत नदीत वा सरोवरात तिच्यासारखी होडी नाही. जुने गोवेकर ज्यांना 'गॅसोलीन' म्हणत त्या लाँचीतून मांडवी ओलांडताना कोणाच्या हातातील चहाही हिंदकळत नसे. पण तीच लाँच संथ चालीची होती आणि पाणी नदीचे होते, हे विसरून चालणार नाही.

वेगाने धावणारी होडी लाटेच्या माथ्यावरून सुटली की क्षणभर अधांतरी होते आणि मग खाली आदळते. आदळते ती नाळेवर नव्हे, तर मागच्या अर्ध्या भागावर. आणि नेमका तोच भाग सपाट! पाण्यावर सपाट तळवा मारला असता हाताला जे जाणवते तेच येथे काही टन वजनानिशी घडते. फळ्यांचे जोड सुटतात, एंजिनाचे बैठे खिळखिळे होतात, माणसांच्या मणक्यांस धक्के बसतात. लाटा मागून येत असल्या तर दुसरेच संकट उभे राहते: मागची सपाट बाजू लाटेवर उचलली जाते, धारदार नाळ समोरच्या पाण्यात रुतते, आणि होडी त्या नाळेभोवती गर्रकन आडवी फिरते. सुकाणू कितीही निष्णात हातांत असो, अशा वेळी त्याचा अंमल चालत नाही. खवळलेल्या पाण्यात वेग कमी करावयाचा, हा यावर एकच उपाय लोकांस ठाऊक होता. म्हणजे वेगासाठी किंमत मोजावयाची आणि गरजेच्या वेळी तो वेग वापरावयाचा नाही, असा हा व्यवहार.

तो पालटला रेमंड हंट ह्या अमेरिकन नौकाशिल्पकाराने. हंट ह्यांचा जन्म १९०८ चा, मृत्यू १९७८ चा. शिडाच्या नौकांपासून 'बोस्टन व्हेलर' ह्या चौकोनी तोंडाच्या लहान होडीपर्यंत त्यांनी नाना प्रकारची कामे केली. मागचा भाग सपाट करावयाचाच कशाला, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्यांच्या आराखड्यात तळाचा कोन मध्यापासून थेट मागच्या फळीपर्यंत जवळजवळ एकसारखाच, सुमारे २४ अंशांचा राहिला. आडवा छेद घेतला तर इंग्रजी 'व्ही' अक्षर दिसावे. शिवाय तळाच्या दोन्ही अंगांस लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या बसविल्या. त्या उसळणारे पाणी बाहेर फेकतात आणि कोनामुळे गमावलेली उचल थोडीफार परत मिळवून देतात. असा तळ आदळत नाही, पाण्यात रुजत जातो. धक्का एका क्षणात न बसता विभागला जातो.

१९५८ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्ट येथे 'अमेरिका चषका'च्या निवड-शर्यती चालू होत्या. त्यांतील 'ईस्टर्नर' ही शिडाची नौका हंट ह्यांचीच, व तिच्या दिमतीला असलेली २३ फुटी मोटारहोडीही त्यांच्या ह्या नव्या पद्धतीची. मायामीचे होड्यांचे व्यापारी रिचर्ड बर्ट्रम त्या वेळी 'विम' ह्या प्रतिस्पर्धी नौकेवर खलाशी म्हणून होते. उभ्या, आखूड लाटांतून ती लहान होडी वेग न उतरविता निघून जाते हे त्यांनी पाहिले, आणि तशीच मोठी, सुमारे ३० फुटांची लाकडी होडी हंट ह्यांच्याकडून आखून घेतली. पत्नीच्या लाडक्या नावावरून तिचे नाव ठेविले 'मॉपी'.

मायामी ते बहामा बेटांतील नासाऊ ही मोटारहोड्यांची शर्यत १९५६ साली सुरू झाली होती. अंतर सुमारे १८५ मैल. वाटेत गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा प्रचंड प्रवाह. उत्तरेचा वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात व लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. १९६० च्या एप्रिलमधील शर्यतीत समुद्र असाच बिघडला, लाटा आठ-आठ फुटांच्या उठल्या. सॅम ग्रिफिथ ह्यांच्या हाती सुकाणू असलेली 'मॉपी' सुमारे आठ तासांत नासाऊस पोचली. तिच्यामागून सुमारे दोन तासांनी 'अ‍ॅक्वा हंटर' ही जिम विन ह्यांची होडी आली, आणि तीही हंट ह्यांच्याच आराखड्याची. त्या दिवशी तिसरी कोणी आलीच नाही; उरलेल्यांपैकी ज्या पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी. इतका निःसंदिग्ध निकाल न्यायालयातही क्वचितच मिळतो!

आता किंमतीचा विचार करू. बर्ट्रम ह्यांनी 'मॉपी'वरून साचा घेतला आणि त्यातून फायबरग्लासच्या होड्या काढावयास प्रारंभ केला. १९६१ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात 'बर्ट्रम ३१' लोकांपुढे आली. लाकडी होडी एकेक करून घडवावी लागते. साच्यातील शंभरावी पहिलीसारखीच निघते. पण आकाराची स्वतःची अशी काही किंमत होती की नाही? येथे आमच्या व्यवसायाचा विषय येतो, म्हणून क्षणभर रेंगाळतो. हंट ह्यांना ह्या तळाचे पेटंट मिळाले नाही, कारण अर्ज होण्यापूर्वीच रचना छापून प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेच्या कायद्यात शोध प्रसिद्ध झाल्यापासून अर्जासाठी एका वर्षाची सवलत आहे; ती टळली की शोध सर्वांचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगीच अशी बारा महिन्यांची सवलत मिळते. हंट ह्यांच्याविषयी वाईट वाटते खरे. तथापि हा तळ एका कारखान्याच्या मुठीत राहिला असता तर पुढची गोष्ट घडली नसती, असे आमचे मत आहे.

मायामीच्या डॉन अ‍ॅरोनाउ ह्यांनी १९६२ साली 'फॉर्म्युला', १९६४ साली 'डॉन्झी', १९६६ साली 'मॅग्नम' व १९६९ साली 'सिगारेट' असे एकामागून एक कारखाने काढले. एक विकावयाचा, दुसरा उघडावयाचा. तळ मात्र प्रत्येकाचा खोल 'व्ही'च. पुढे तस्करांनी ह्याच होड्या पसंत केल्या, आणि त्यांच्या पाठलागासाठी जकात खात्यानेही अ‍ॅरोनाउ ह्यांच्याकडूनच होड्या घेतल्या. होड्या कोणाकडून घ्याव्यात ह्याविषयी वादी-प्रतिवादींचे असे एकमत विरळा.

इंग्लंडात १९६१ पासून काउज-टॉर्की शर्यत सुरू झाली. तेथे नाव गाजले ते रेनाटो ऊर्फ सनी लेव्ही ह्यांचे, आणि त्यांचा संबंध थेट आपल्या किनाऱ्याशी पोचतो. लेव्ही १९२६ साली कराचीत जन्मले. विमानविद्या शिकून आल्यावर पन्नासच्या दशकात मुंबईच्या 'अ‍ॅफको' कारखान्यात त्यांनी होड्या आखल्या व मग इटलीस गेले. नाळेकडे अरुंद आणि मागे रुंद होत जाणारा त्रिकोणी विस्तार व त्याखाली खोल तळ, अशी त्यांची 'डेल्टा' पद्धती. त्यांची 'ए स्पेरान्झिएला' १९६३ साली काउज-टॉर्की जिंकली. १९६७ साली 'सरफ्युरी' जिंकली, जिची दोन एंजिने एकामागे एक ठेवून एकाच पंख्यास जोडलेली होती. १९७१ च्या आपल्या ग्रंथास त्यांनी 'धाउज टु डेल्टाज' असे नाव दिले. अरबी समुद्रातील शिडाच्या गलबतांपासून आपली वाट सुरू झाली, हे मुंबईत उमेदवारी केलेला मनुष्य विसरला नाही.

खोल तळ सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यास एंजिन मोठे लागते, इंधन अधिक जळते, आणि उभा असताना तो पाळण्यासारखा डोलतो. गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमाऱ्यास हे डोलणे मुळीच आवडत नाही. म्हणूनच पुष्कळ कारखानदारांनी पुढे मागचा कोन १८-२० अंशांवर आणून मध्यम मार्ग काढला. दोन तळांची जोडहोडी मधल्या पोकळीत हवा कोंडून सपाट पाण्यावर सर्वांस मागे टाकते; परंतु फार वेगात त्याच पोकळीत वारा शिरला की तिला उलथवूनही टाकतो.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. त्यांच्या तीन होड्यांपैकी सर्वांत स्वस्त व पत्रकाप्रमाणे सर्वांत वेगवान होती ती जवळजवळ सपाट तळाची. तिचेच त्यांस आकर्षण होते. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे मुलाबाळांसह आलेली कुटुंबे, आणि फेरी नदीत नव्हे, समुद्रात. आम्ही मसुद्यात एक कलम घातले: पैसे चुकते करण्यापूर्वी होडीची चाचणी आग्वादच्या बाहेर, दुपारचा खारा वारा सुटल्यानंतर, उतारूंच्या पूर्ण वजनाइतका बोजा भरून घ्यावी, व त्या वेळी विक्रेत्याने स्वतः होडीत बसावे. दोघा विक्रेत्यांनी कलम मान्य केले. सर्वांत स्वस्त होडीवाल्याने मात्र चाचणी मांडवीच्या पात्रात घेण्याची तयारी दाखविली.