सूची आणि विवेक

ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या सूचीकडे आपले सहसा लक्ष जात नाही; परंतु तिच्यामागे मठातील कष्टांचा इतिहास आहे. इ. स. १२३० च्या दशकात पॅरिस येथे ह्यू ऑफ सें-शेर यांच्या देखरेखीखाली डोमिनिकन धर्मबंधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची सिद्ध केली. वचनांना तेव्हा क्रमांक नव्हते. म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांस अक्षरे दिली गेली. आज वाघोलीत आम्ही संगणकावर शब्दांना खुणा करतो आणि पृष्ठांक क्षणात जुळतात. मात्र ‘थॉमस स्टीफन्स’ आणि ‘ख्रिस्तपुराणकार’ एकच, हे यंत्राला आपणच सांगावे लागते. सूचीतून निसटलेले नाव ग्रंथात असूनही वाचकाला सापडत नाही. म्हणून धर्मग्रामाचा इतिहास छापताना शेवटची नजर माणसाचीच असावी.