नाकाबंदी, खिसे आणि कलम 50

मागच्या महिन्यात आम्ही चौघं गोव्याहून पेणला परत येत होतो. रात्रीचे साडेअकरा, मुंबई-गोवा हायवे, खड्डे नेहमीचेच. वाटेत एका ठिकाणी (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) नाकाबंदी लागली. टॉर्च काचेवर. "कुठनं येताय? गोवा? गांजा-बिंजा आहे का?" माझा चुलत भाऊ 19 वर्षांचा, केस वाढवलेले. त्याला एकट्याला उतरवलं, जीपच्या मागे अंधारात नेलं, खिसे, मोजे सगळं तपासलं. काही मिळालं नाही. "जा," म्हणाले. मी ड्रायव्हिंग सीटवर गप्प बसून होतो. रोज लोकांच्या कोडमध्ये चुका काढणारा मी, त्या वेळी तोंडातून शब्द नाही फुटला.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काही नव्हतं ना त्याच्याकडे? मग घाबरायचं कशाला?"

या एका वाक्यासाठी गेले तीन वीकेंड वाचत बसलोय. जे सापडलं ते सांगतो.

सरकारने आपल्या पिशवीत हात घालणं आमच्या भागाला नवीन नाही. पेण-उरणकडची मिठागरं तुम्ही पाहिली असतील. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता, आणि कर न भरलेलं मीठ म्हणजे चोरीचा माल. आजोबा सांगायचे, गाडीतली गोणी उघडून दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. अफूचंही तेच. 1857 आणि 1878 चे अफूचे कायदे, मग 1930 चा घातक औषधांचा कायदा. या सगळ्यांच्या जागी 14 नोव्हेंबर 1985 ला एनडीपीएस कायदा लागू झाला.

हा कायदा कडक आहे. सुरुवातीला चरस विकताना पकडलं की प्रमाण काहीही असो, किमान 10 वर्षं. 2001 च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार पायऱ्या केल्या. आता चरस 1 किलोच्या किंवा गांजा 20 किलोच्या वर गेला की 'व्यावसायिक प्रमाण' सुरू होतं, तिथे 10 ते 20 वर्षं. त्यात माल तुमच्याकडे सापडला हे सिद्ध झालं, की आपण निर्दोष आहोत हे बऱ्याच अंशी तुम्हीच सिद्ध करायचं! म्हणजे सगळा खटला एकाच प्रश्नावर उभा: खिशातून खरंच काय निघालं?

म्हणून संसदेने कलम 50 घातलं. अंगझडती घेण्याआधी, तुमची इच्छा असेल तर तुम्हाला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेलं पाहिजे. आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची.

पण पोलिसांनी हे पाळलंच नाही तर? अमेरिकेत 1961 पासून राज्यांच्या कोर्टांतही बेकायदा झडतीतला पुरावा बाद होतो, हॉलिवूडमुळे ते आपल्याला पाठ असतं. आपल्याकडे तसं नाही. मुंबईच्या कॉरोनरच्या लाचेच्या खटल्यात (मलकानी, 1972) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरावा गैरमार्गाने मिळवला असला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही. झडतीबाबतही 1973 च्या पूरणमल निकालात तीच भूमिका. थोडक्यात काय, चूक झाली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो.

1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम 50 पुरता हा नियम मोडला. हा हक्क आरोपीला सांगितला नाही, तर अंगावर सापडलेला माल त्याच्या ताब्यात होता याचा पुरावा म्हणून चालणार नाही.

मग आला गोवा. जोसेफ फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य. अधिकाऱ्याने सांगितलं होतं की इच्छा असेल तर अधिकाऱ्यासमोर झडती घेता येईल, पण हा तुमचा 'हक्क' आहे असं म्हटलं नव्हतं. कोर्ट म्हणालं, चालेल, बऱ्यापैकी पालन झालं. दहा वर्षं ही 'बऱ्यापैकी'ची पळवाट उघडी होती. 29 ऑक्टोबर 2010 ला जडेजा खटल्यात पुन्हा पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ती बंद केली: हक्क आहे हे सांगायचंच, बऱ्यापैकी चालणार नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, 2005 च्या निकालानुसार कलम 50 फक्त अंगाला लागू, पाठीवरच्या सॅकला नाही. दोन, नेहमीच्या तपासणीत अचानक काही सापडलं तर ते लागू होत नाही, तिथून पुढे होतं (1994 चा बलबीर सिंग निकाल).

आता माझ्या भावाकडे येतो. सार्वजनिक जागी या कायद्याखाली झडती घ्यायची तर कलम 43 प्रमाणे संशयाला सबळ कारण हवं. कारण असेल तर कलम 50 सांगायला हवं होतं. कारण नसेल तर या कायद्याखाली खिशात हात घालायचा अधिकारच नव्हता. 'इफ' घ्या नाहीतर 'एल्स', त्या रात्री काहीतरी चुकलंच. विनाकारण त्रासदायक झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 58 खाली शिक्षाही आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.

पोलिसांची बाजूही खरी आहे. रात्री साडेअकराला राजपत्रित अधिकारी आणायचा कुठून? ऑगस्ट 2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यात श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. धोका काल्पनिक नाही.

पण बाबांना मी 2024 च्या ऑगस्टअखेरची मुंबईतली गोष्ट सांगितली. कलिनाच्या एका सीसीटीव्हीत पोलीस एका माणसाच्या खिशात काहीतरी घालताना दिसले, आणि खार ठाण्याचे चार पोलीस निलंबित झाले. त्या माणसाकडेही 'काही नव्हतं'. कॅमेरा नसता तर? तो तिसरा डोळा म्हणूनच लागतो. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या कलम 105 ने झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही सक्तीचं केलंय.

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी तू गाडीतून उतर. नुसता बाजूला उभा राहा."

तेवढं तर मी नक्की करू शकलो असतो.